सामाईक गाडीची नंबरप्लेट

ड्रिलला बिट लावून मी गाडीच्या तोंडासमोर उकिडवा बसलो होतो. वायर ओढून दुकानाबाहेर घेतली होती. बटण दाबणार तेवढ्यात गाडीवाले म्हणाले, "शेठ, भोक नाय पाडायचं."

मी मान वर केली. "मग प्लेट कशी बसवू?"

"ते तुमी बघा. पण बंपरला भोक नको."

नारायणगावात हायवेला लागून माझं ॲक्सेसरीजचं दुकान आहे. सीट कव्हर, मॅट, हॉर्न, रेडियमची अक्षरं आणि नंबरप्लेट. वडील नुसता माल विकायचे. मी फिटिंगही शिकलो, कारण माल विकून गिऱ्हाईक परत येत नाही, फिटिंग चांगलं झालं की येतं. ही गोष्ट झाली तेव्हा पाट्यांचा नियम बदलून दोनेक वर्षं झाली होती. खासगी गाड्यांच्या काळ्या पाट्या जाऊन पांढऱ्या आल्या होत्या. दिवसाकाठी इतक्या पाट्या बसवायचो की कुणी काही वेगळं मागितलं की आधी कपाळाला आठी पडायची.

पुढची प्लेट बसवण्यात खरं तर काही नाही. पूर्वी बंपर लोखंडी असायचे. नंतर प्लास्टिकचे आले. बदली म्हणून आणलेल्या नव्या बंपरला भोकं नसतात. आतून दोन बारीक खुणा असतात, त्यावर ड्रिल मारायचं, दोन स्क्रू पिळायचे, झालं. चहा येईपर्यंत गाडी तयार.

गाडीवाले म्हणजे दत्तूभाऊ. मूळ गाव बोरी बुद्रुक, पण नोकरीमुळं वारूळवाडीला राहायचे. नुसती तोंडओळख. गाडी पांढरी, छोटी, चार दारांची. सगळी गाडी जुनी आणि पुढचा बंपर तेवढा कोरा करकरीत. मला वाटलं, हौशी माणूस असेल. नव्या बंपरला जपणारे काही जण असतात.

"जाळीला तारेनं बांधा की," त्यांनी सुचवलं.

"जाळीमागं रेडिएटर आहे, भाऊ. इंजिन थंड ठेवणारं पाणी त्यात फिरतं. त्याला समोरून वारा लागतो. तिथं पाटी आडवी आली की घाटात गाडी तापणार."

"मग चिटकवा."

त्यासाठी डबल टेप असते. दोन्ही बाजूंनी चिकट, मधे फोमचा पातळ थर. गाड्यांच्या दारांवरच्या पट्ट्या तिनंच बसतात. मी बंपर स्पिरिटनं पुसला, टेप लावली, पाटी दाबून धरली. पण मला मनातून माहीत होतं. बंपर गोलाई घेतलेला आणि पाटी सपाट. टेप फक्त मधे टेकत होती, दोन्ही टोकं अधांतरी.

"किती टिकेल सांगता येत नाही," मी म्हणालो. "आज गाडी धुऊ नका. आणि जमलं तर विचार बदला, दोन भोकं पाडून घ्या."

ते मान हलवून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. दुपारची उन्हं होती. पुढं पाटी नव्हती. टेपचे तुकडे तेवढे बंपरला चिकटलेले होते. मागच्या सीटवर त्यांची आई बसली होती. डोक्यावरून पदर, पदराखाली लोकरीची टोपी. एवढ्या उन्हात टोपी बघून मला कळायला हवं ते कळलं.

दत्तूभाऊ चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "शेठ, प्लेट पडली कुठंतरी. पेठच्या घाटात असंल."

आईला दर आठवड्याला पुण्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. किमोचं औषध सलाइनमधून द्यायचे. एसटीत त्यांना उलट्या व्हायच्या, म्हणून गाडी. त्या आठवड्याच्या खेपेला चाकणच्या पुढं पोलिसांनी अडवलं. पुढची पाटी नाही, गाडीचे कागद दुसऱ्याच्या नावावर, त्यामुळं चौकशी लांबली.

"हवालदार माणूस चांगला व्हता," आई आतून म्हणाली. "मला सावलीत बसवलं. पाणी दिलं. पण त्याचं बी काम हाये ना बाबा. बिननंबराची गाडी कशी सोडील."

सुटका झाली तोवर हॉस्पिटलातली वेळ टळून गेली होती. नर्सनं दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच हेलपाटा. त्या औषधानंतर आईला दोन-तीन दिवस अन्न जायचं नाही, आणि त्यात हा दुप्पट प्रवास.

मी बायकोला आईंसाठी खुर्ची आणि लिंबू सरबत आणायला सांगितलं. मग दत्तूभाऊंच्या शेजारी बसलो.

"भाऊ, आता खरं सांगा. भोक का नको?"

त्यांनी हायवेकडं तोंड फिरवलं. टोमॅटोच्या गाड्या जात होत्या.

"गाडी माझी एकट्याची न्हाई," ते म्हणाले. "वडलांची. आता आमा दोघा भावांत सामाईक. वाटणी व्हायचीये अजून."

वडील गेल्यावर जमिनीवरून दोघांत बिनसलं होतं. रस्त्याकडेचा तुकडा कुणाला आणि विहिरीची पाळी कशी, यावरून. दीड-एक वर्ष बोलणं बंद. भावकीतल्या मोठ्या माणसांनी बसून एवढं ठरवलं की वाटणी होईपर्यंत गाडी दोघांची. आईचे उपचार सुरू झाल्यावर ती दत्तूभाऊंकडं आली, म्हणून गाडीही त्यांच्याकडं आली.

"हा बंपर धाकट्यानं बसवलाय. संपतनं. गाडी पाठवताना निरोप धाडला, बंपरला भोक पाडायचं न्हाई. भोक दिसलं तर गाडी माघारी आणीन."

"मग त्यांना विचारा ना. प्लेटशिवाय गाडी चालणार कशी?"

"आमचं बोलणं नाय."

"अहो, पण आईसाठी."

"शेठ, तुमी प्लेटचं बघा."

दुसऱ्याच्या घरात किती शिरायचं याला दुकानदारानं मर्यादा ठेवावी लागते. मी पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरलो.

उताणं पडून बघितलं की गाडी वेगळीच दिसते. वरून सलग वाटणारा बंपर खालून चार ठिकाणी धरलेला दिसतो. दोन्ही चाकांपाशी एकेक क्लिप आणि मधे खालच्या बाजूला दोन जाड बोल्ट, जे त्याला सरळ चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बांधतात. त्या बोल्टांकडं बघत मी बराच वेळ पडून राहिलो. भोकं तर इथं कंपनीनंच पाडून ठेवली होती. तेच बोल्ट काढून जरा लांब घातले, तर त्यांच्यात दोन लोखंडी पट्ट्या अडकवता येतील. पट्ट्या खालून पुढं आणायच्या, बंपरच्या तोंडासमोर वर वळवायच्या आणि त्यांच्यावर पाटी बसवायची. पाटीचा सगळा भार चासीवर. बंपरला तिचा धक्काही नाही. मधे ट्यूबच्या रबराचा तुकडा घातला की घासणारही नाही.

बाहेर आलो आणि दत्तूभाऊंना समजावलं. त्यांना पटलं.

"फक्त एक आहे," मी म्हणालो. "बंपरचे बोल्ट ढिले करावे लागतील. हे तुमच्या भावाला चालेल का?"

त्यांचा चेहरा पुन्हा बंद झाला. "भोक तर नाय ना पडत?"

"भोक नाही. पण त्यांनी बसवलेला बंपर आपण सोडवणार. उद्या ते म्हणाले की हात का लावला, आणि गाडी घेऊन गेले, तर आईचं काय? मी विचारल्याशिवाय करणार नाही."

"मग तुमीच इचारा," ते म्हणाले.

रागानं म्हणाले की सुटका झाल्यासारखं म्हणाले, मला कळलं नाही. मी पट्ट्या कापून, वाकवून, काळा रंग मारून वाळत टाकल्या आणि संध्याकाळच्या आत स्कूटर काढून बोरीला गेलो.

संपत मळ्यातच भेटला. कांद्याची लागण चालली होती. दत्तूभाऊंपेक्षा अंगानं आडवा, बोलणं मात्र हळू. मी ओळख सांगितली. त्यानं बांधावरचं पोतं झटकून मला बसायला दिलं आणि स्वतः मातीत बसला.

"बोला, पावणं."

"तुमच्या गाडीच्या नंबरप्लेटचं काम माझ्याकडं आलंय. बंपरचे खालचे दोन बोल्ट सोडवून तिथं पट्टी अडकवायची आहे. भोक पाडत नाही. तुमची हरकत आहे का, विचारायला आलो."

तो माझ्याकडं बघत राहिला. "एवढ्यासाठी नारायणगावनं आला?"

"हो."

"तुमाला त्यानं धाडलं?"

"मीच म्हणालो, विचारतो."

त्यानं ढेकूळ उचलून हातात चुरलं.

"आधीच्या बंपरला त्यानं पुण्यात कुठंतरी रस्त्यावर भोकं पाडली," तो म्हणाला. "पाट्या पांढऱ्या करायच्या व्हत्या तवा. भोकापासनं चीर गेली. वर्षभरात बंपर फाटून लोंबाया लागला. तसाच पळवत व्हता. आईला आता त्याच गाडीतनं न्यायचं म्हटल्यावर म्या नवा आणून बसवला. रंग बी मारून घेतला."

हे त्याचं खरं होतं. प्लास्टिकला चुकीच्या जागी, कडेच्या जवळ भोक पडलं की थंडीत आणि हादऱ्यांनी तिथूनच चीर निघते. अशा किती तरी गाड्या मी बघितल्या होत्या.

"म्हणून भोक नको म्हणालात."

"तसं बी, आन्..." तो थांबला. "बंपर बसवून गाडी धाडली, तर त्यानं एका शब्दानं इचारलं न्हाई, की बाबा कवा बसवला, कुठनं आणला. मग म्हटलं, भोकाची अट घालावी. प्लेट तर लावावीच लागंल. निदान त्यासाठी तरी इचारायला यील."

त्यानं हातातली माती झटकली.

"तो न्हाई आला," संपत म्हणाला. "तुमी आला."

मोटरीचं पाणी पाटातून येत होतं. तो म्हणाला, "पाडा भोकं. काय करायचंय धरून. आईचं काम अडाया नको."

"अडलंच होतं," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं. मला वाटत होतं, त्याला ठाऊक असेल. टेप, घाट, पोलीस, टळलेली वेळ, दुसऱ्या दिवशीचा हेलपाटा, सगळं सांगावं लागलं.

ऐकताना त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. "मला कुणी सांगितलं न्हाई," एवढंच म्हणाला. "रस्त्यावं बसली व्हती?"

"सावलीत बसवलं होतं पोलिसानं. पाणी दिलं."

"लई वेळ?"

"बराच."

तो उठला, पाटात हात धुतले, चेहऱ्यावर पाणी मारलं. "कवा बसवताय प्लेट?"

"उद्या सकाळी. दुकान उघडल्याबरोबर."

"बरं," तो म्हणाला.

येतो असं तो म्हणाला नव्हता. म्हणून सकाळी मी दत्तूभाऊंना फक्त इतकंच सांगितलं की हरकत नाही. त्यांनी "हं" केलं. आईलाही बरोबर आणलं होतं. घरी एकटी ठेवणं त्यांना बरं वाटेना. मी खुर्ची सावलीत मांडली आणि गाडीखाली शिरलो.

पहिला बोल्ट निघाला तेव्हा मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. खालून मला फक्त मातीनं भरलेल्या चपला दिसल्या. आणि आईचा आवाज ऐकू आला, "आला का रं?"

"आलो," संपत म्हणाला.

दत्तूभाऊंचे बूट जागचे हलले नाहीत.

आता इथं एक अडचण होती, जी मी आदल्या दिवशी कुणाला सांगितली नव्हती, कारण तेव्हा ती अडचण वाटली नव्हती. दुसरा बोल्ट काढला की बंपर मधून सुटतो आणि दोन्ही टोकांच्या प्लास्टिकच्या क्लिपांवर लोंबतो. त्या क्लिपा वजनानं तुटतात. म्हणून नवे बोल्ट बसेपर्यंत बंपर दोन्ही बाजूंनी कुणीतरी उचलून धरावा लागतो. माझ्या हाताखाली काम करणारा फिटर त्या दिवशी आला नव्हता. मी पडल्या पडल्या सांगितलं, "एक जण इकडं, एक जण तिकडं. बंपर खालून धरा. सोडू नका."

दोन जोड्या पाय पुढं आले. एक डावीकडं, एक उजवीकडं. मी बोल्ट काढला.

"शेठ," दत्तूभाऊ वरून म्हणाले, "त्याला सांगा, जरा वर धर म्हणावं."

"शेठ," संपत म्हणाला, "धरलाय म्हणावं. त्यांचाच खाली गेलाय."

माझ्या तोंडात पाना होता. तो काढून मी म्हणालो, "तुमचं तुम्ही बोला. माझे हात गुंतलेत."

पट्टी भोकासमोर येईना. एक बाजू बोटभर वर, एक बोटभर खाली. मी बोल्ट घालायचो, तो आतल्या आट्याला लागायचाच नाही. माझ्या डोळ्यांत वरची धूळ पडत होती. आई खुर्चीवरून बघत असावी, पण ती एक शब्द बोलली नाही. नंतर मला वाटलं, तिनं मुद्दामच बोलायचं टाळलं.

"संपत," शेवटी दत्तूभाऊ म्हणाले, "तुझ्या अंगाला थोडा घे."

"घेतो."

"आजून."

"बास?"

"बास. धर तसाच."

बोल्ट आट्याला लागला. मी पिळत गेलो. दुसराही लागला. गाडीखालून बाहेर आलो तेव्हा दोघंही वाकून बंपर धरूनच उभे होते. काम झाल्याचं मी सांगितलं नव्हतं आणि दोघांपैकी कुणी आधी सोडायला तयार नव्हतं.

"सोडा आता," मी म्हणालो.

मग पट्ट्यांमागं रबर सरकवलं, पाटी बसवली, हातानं गदागदा हलवून बघितली. बंपर जागचा हलला नाही. पाटी त्याच्यापासून बोटभर पुढं उभी होती. संपतनं खाली वाकून मागून बोट फिरवलं आणि भोक नाही याची खात्री केली. ते बघून दत्तूभाऊ पहिल्यांदा किंचित हसले.

"बंपर कुठनं आणला?" त्यांनी विचारलं.

"मंचरवरनं. रंग आळेफाट्याला मारला."

"चांगला मारलाय."

बस. यापेक्षा जास्त काही झालं नाही. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. आईनं दोघांच्या हातांचा आधार घेतला आणि गाडीत जाऊन बसली. बसताना मला म्हणाली, "शेठ, सरबत ग्वाड व्हतं कालचं." आईंच्या तोंडाची चव गेली होती हे मला दत्तूभाऊंनी सांगितलेलं होतं. मी बरं म्हणालो.

पुढच्या खेपेला गाडी दुकानासमोरून गेली तेव्हा स्टिअरिंगवर संपत होता. दत्तूभाऊ मागं आईजवळ. त्यानंतर पाळी लावली असावी, कधी हा दिसायचा, कधी तो. उपचार पुरे झाले. आईच्या डोक्यावरची टोपी गेली आणि केस आले, पांढरे आणि कुरळे. आधी सरळ होते म्हणे. एकदा भीमाशंकरला जाऊन आल्या तेव्हा गाडी थांबवून मला प्रसाद देऊन गेल्या.

वाचणाऱ्यांना वाटेल की भावांची वाटणी टळली. टळली नाही. पुढच्या वर्षी ती झाली, रीतसर, मोजणी करून. फक्त ती भांडून झाली नाही. रस्त्याकडेचा तुकडा निम्मा निम्मा झाला. विहीर सामाईकच राहिली. गाडी संपतला गेली. दत्तूभाऊंनी ती मागितलीच नाही असं मी ऐकलं.

तशी पट्टी मी नंतर बऱ्याच गाड्यांना बसवली. लोक बघून मागायचे. काही जण हौसेनं, काही जण नव्या बंपरच्या काळजीनं. प्रत्येक गाडीचे बोल्ट वेगळ्या जागी, त्यामुळं प्रत्येक वेळी खाली झोपावं लागायचं. पाठीचं दुखणं मला त्यातूनच लागलं.

काही काळानं दत्तूभाऊंनी स्वतःची गाडी घेतली. राखाडी रंगाची, कोरी. प्लेटसाठी माझ्याकडंच आले. मी पोतं अंथरायला लागलो.

"कशाला?" ते म्हणाले. "सरळ भोकं पाडा."

"नको म्हणाल वाटलं."

"आता कुणाला इचारायचंय, शेठ. ही एकट्याची हाये."

हे ते हसत म्हणाले, पण मग लगेच चहा सांगायच्या निमित्तानं पलीकडं गेले. मी दोन खुणा केल्या, कडेपासून पुरेशा आत, आणि ड्रिल मारलं.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. ड्रिलला बिट लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो, गाडी कुणाकुणाची आहे. बरेच जण हसतात. काही जण उत्तर द्यायच्या आधी थांबतात. ते थांबले की मी ड्रिल खाली ठेवतो.